२०१८ च्या आधीचा लढा

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धचा लढा, हे संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाच्या जेमतेम आधी सुरू झाला आणि तो मुंबई-दिल्लीतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपुरताच होता, असे म्हटले जाते; ते मला पटत नाही. तिहार तुरुंगाच्या प्रशासनाने याच कलमाकडे बोट दाखवून कैद्यांना निरोध नाकारले, तेव्हा ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने १९९४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कलमाला आव्हान दिले होते. (निरोधाच्या पाकिटावरून घटनात्मक वाद उभा राहावा, हेही आपल्याकडचेच!) आपल्या सांगलीत १९९२ पासून काम करणारी ‘संग्राम’ ही संस्थादेखील एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातूनच वाढली आणि तिच्या आधाराने उभी राहिलेली ‘मुस्कान’ ही संघटना देहविक्रय करणाऱ्या पुरुषांची व तृतीयपंथीयांची आहे. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सांगणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिरवला, हे सर्वांना ठाऊक आहेच. मला तृतीयपंथीयांच्या हक्कांबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा ‘नालसा’ निकाल अधिक मोलाचा वाटतो, कारण आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क त्याने मान्य केला. तरीही डोक्यावर यल्लमा देवीचा ‘जग’ (देवीची मूर्ती असलेली टोपली) घेऊन दारी आलेल्या तृतीयपंथीय जोगत्याच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या भक्ताच्या, परडीत भक्तिभावाने पीठ-मीठ घालणारे आपल्याकडचे घरमालक त्याच माणसाला भाड्याने खोली देताना मागे सरतात, आणि तिथवर यांपैकी एकही निकाल अजून पोहोचलेला नाही.