निसर्ग उद्यानातील झाडीत डिस्क गोल्फचे मैदान असावे का?

वाशीकर (धागाकर्ता):
ठरलेल्या जागेवरून प्लास्टिकची चकती फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेक करायची आणि साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी टोपलीत ती कमीत कमी फेकींमध्ये पोहोचवायची, असा हा खेळ आहे. एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात त्याचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. मोकळ्या जागेत केवळ दंडातली ताकद कामी येते. झाडीत मात्र चकती कोणत्या फटीतून काढायची आणि वेग मंदावल्यावर ती कुठे वळेल, याचा अंदाज बांधावा लागतो, आणि खरा खेळ तोच. गोल्फसारखी हिरवळ, पाणी, खते असे काहीच लागत नाही. कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात नऊ टोपल्यांचे मैदान व्हावे, असे मला मनापासून वाटते.

नेरूळकर:
माझा याला स्पष्ट विरोध आहे. सुमारे १७५ ग्रॅमची कडक चकती त्याच त्या खोडावर आदळत राहिली की साल सोलवटते, आणि झाडाचा अन्नरस सालीतूनच वाहत असल्याने ही इजा वरवरची राहत नाही. टोपलीभोवतीची माती तुडवली जाऊन घट्ट होते, ती वेगळीच. शिवाय हे उद्यान बंद केलेल्या कचराभूमीवर उभे आहे. खांबासाठी पाया खणायचा म्हणजे कचऱ्यावरचे आच्छादन फोडायचे. फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या सुरक्षिततेचे काय?

वाशीकर:
खणण्याचा मुद्दा रास्त आहे, म्हणून जड बैठकीच्या, हलवता येणाऱ्या टोपल्याच वापराव्यात आणि त्यांच्या जागा आलटूनपालटून बदलाव्यात, म्हणजे एकाच ठिकाणची माती तुडवली जाणार नाही. फेकीच्या समोर येणाऱ्या खोडांभोवती लाकडी पट्ट्या बांधता येतात. ओल्या मातीचे नुकसान अधिक होते, तेव्हा जून ते सप्टेंबर खेळ बंद ठेवावा. पायवाट ओलांडणारी एकही फेक आखू नये.

ऐरोलीची वाचक:
आपण दोघांनीही उद्यानातील मियावाकी पट्ट्यांचा, म्हणजे दाट लागवडीच्या जपानी पद्धतीने वाढवलेल्या झाडीचा, विचार केलेला दिसत नाही. या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे लावतात, त्यामुळे तिथे फट नसतेच. मात्र भरकटलेली चकती आत गेली की ती शोधायला खेळाडू घुसणार आणि कोवळी रोपे मोडणार. हौशी माणसाची फेकही साठ-सत्तर मीटर जाऊ शकते, आणि ती सरळच जाईल याचा भरवसा नाही. एवढे अंतर सोडून नऊ टोपल्या कुठे बसतात, हे वाशीकरांनी नकाशावर आखून दाखवावे. तोवर माझे मत विरोधातच राहील.