१९७२ ची ९११ : सस्पेन्शनचे मूळ रंग आणि शिक्के कसे जपावेत?

नेकरकाठचा
नमस्कार मंडळी. मी श्टुटगार्टमध्ये राहतो. बरीच वर्षं पैसे साठवून १९७२ ची पोर्शे ९११ टी घेतली आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या गॅरेजमध्ये दर शनिवारी तिच्यावर काम करतो. सध्या पुढचं-मागचं सस्पेन्शन उतरवतोय. आजूबाजूचे सगळे सांगतात, सरसकट सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला दे, बोल्ट आणि टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे) झिंक प्लेटिंगला, म्हणजे जस्ताच्या मुलाम्याला दे. पण काल एका ओतीव भागावरचं ग्रीस फडक्याने पुसलं, तर खाली ९०१.३४१ ने सुरू होणारा नंबर निघाला. त्यानंतर कशालाच हात लावायचं धाडस होत नाहीये. गाडी ९११ आणि पार्ट ९०१ चा, हे कसं? आणि मूळ रूप राखायचं तर कुठून सुरुवात करू?

गंगापूर रोड
९०१ बघून घाबरू नका, तो बरोबरच आहे. १९६३ ला फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी ९०१ म्हणूनच दाखवली होती. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितला आणि १९६४ मध्ये ती ९११ झाली. पार्ट नंबर मात्र तसेच राहिले. ३४१ म्हणजे पुढचा ॲक्सल.

भोसरीचा प्लेटर
प्लेटिंगच्या धंद्यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून कळकळीने सांगतो : टॉर्शन बार प्लेटिंगला देऊ नका. प्लेटिंगच्या आधी माल ॲसिडमध्ये बुडवतात. तिथे आणि पुढे टाकीतही हायड्रोजन पोलादात शिरतो. साध्या नरम बोल्टला त्याचा त्रास नाही, पण कडक पोलाद ठिसूळ होतं आणि वरून काहीही न दिसता एक दिवस तुटतं. तुमच्या गाडीत स्प्रिंगचं काम हे बारच करतात. त्यावरचा रंग शोभेचा नाही, ओरखडा आणि गंज अडवण्यासाठी आहे, कारण तडा ओरखड्यातूनच सुरू होतो. तारेचा ब्रशही नको. फडक्याने पुसा, रंग उडालाय तिथे हाताने लावा, वर ग्रीस.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचा, ते मजबुतीचे असतात; आकडा मोठा तितकं पोलाद कडक. ८.८ वाले चांगल्या प्लेटरकडे चालतील. १०.९ वाले द्यायचेच असतील तर प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत साधारण २०० अंशांवर कित्येक तास भाजून देणार का, ते आधी विचारा. ‘बघू’ म्हणाला तर माल परत आणा. डोक्यावर कामाक्स किंवा फेरबुस असा जुन्या बोल्ट बनवणाऱ्यांचा शिक्का असेल तर तो बोल्ट धुऊन तसाच वापरा.

गंगापूर रोड
ब्लास्टिंगबद्दल माझा अनुभव. माझ्या जुन्या गाडीचे आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे भाग) आणि स्प्रिंग एकाकडे दिले होते. परत आले ते नव्यासारखे स्वच्छ, पण पंचने मारलेले आकडे पुसट झालेले आणि स्प्रिंगवरचे रंगाचे ठिपके साफ गेलेले. फोटो काढले नव्हते, त्यामुळे आता कुठला ठिपका कुठे होता ते कळायला मार्गच नाही. ते अजून खुपतं. म्हणून पुसण्याआधी फोटो, पुसल्यावर फोटो. मूळ मुलामा बघायचा तर वॉशरखाली आणि बुशच्या (सांध्यातल्या रबरी खोळीच्या) आड बघा, तिथे ऊन-पाणी पोचलेलं नसतं. वॉशरखालची ती पिवळसर, इंद्रधनुष्यासारखी झाक कुठल्याही पुस्तकापेक्षा खरी. आर्मला माझं मत काळा, अर्धवट चकाकीचा साधा रंग. पावडरचा थर जाड बसतो, त्याखाली आकडे बुजतात.

शॉक ॲब्सॉर्बरचाही रंग उगाच बदलू नका. कोनी कंपनीचे लाल. बिलस्टाइन कंपनीचे आज पिवळे दिसतात, पण त्या काळच्या ९११ वरचे हिरवे असत.

भोसरीचा प्लेटर
एक राहिलं. बारच्या टोकावर एल किंवा आर कोरलेलं असतं. कारखान्यातच त्याला एका दिशेने पीळ दिलेला असतो, बाजू बदलून चालत नाही. मागच्या बारला आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते आहेत. काढण्याआधी स्प्रिंग प्लेटचा (बारच्या बाहेरच्या टोकाला बसणाऱ्या पट्टीचा) कोन मोजून लिहून ठेवा, नाहीतर गाडीची उंची जुळवताना दिवस जाईल.

नेकरकाठचा
आज टोकं पुसली. मागे डावीकडच्या बारवर आर आहे, उजवीकडच्यावर एल. दोनदा बघितलं, फोटोही काढला. आधीच्या कुणीतरी अदलाबदल केलेली दिसते.

भोसरीचा प्लेटर
मग ते परत बसवू नका, बाजू नीट करूनसुद्धा नाही. किती वर्षं उलटा पीळ खाल्लाय कोण जाणे. नवीन जोडी घ्या, जुने बार फोटोसकट कपाटात ठेवा. पुढचे दोन्ही तपासलेत का?