भूलतज्ज्ञ कुठून आणणार?

"मेडिकल कॉलेजं वाढवली की ग्रामीण रुग्णालयांतल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरतील" हे म्हणणं मला अर्धंच पटतं. आज कॉलेज सुरू झालं तरी एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं 1 आणि एमडीची 3, म्हणजे पहिला तज्ज्ञ साडेआठ वर्षांनी हाती येणार. तेही पीजीला, म्हणजे एमडीसारख्या पदव्युत्तर शिक्षणाला, लगेच नंबर लागला तर! शिवाय तिथे शिकवायला लागणारे प्राध्यापक याच तज्ज्ञांतून उचलावे लागतात. नवं कॉलेज आधी डॉक्टर खातं, मग देतं.

वहिनीच्या बाळंतपणात तज्ज्ञांची ही टंचाई जवळून पाहिली. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ हजर, ऑपरेशन थिएटर चकाचक, फक्त भूलतज्ज्ञाचं पद रिकामं. रात्री दोन वाजता 'पुढे न्या' अशी चिठ्ठी हातात पडली.