टोटल इलेक्ट्रॉन कंटेंटमधल्या ‘कंटेंट’ला मराठीत काय म्हणाल?

गंगाकाठची: मंडळी, मदत हवीये. लेकीच्या शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे आणि आदल्या दिवशी मराठी दिन, त्यामुळे बाईंचं फर्मान की सगळे तक्ते शुद्ध मराठीत. हिच्या वाट्याला आलाय जीपीएसच्या सिग्नलवरून वरच्या हवेचा अभ्यास. विषय मस्त आहे, म्हणजे जे उपग्रह आपल्याला कॉलेज रोडवरून मखमलाबादला नेतात त्यांच्याच सिग्नलवरून वर शेकडो किलोमीटरवर किती इलेक्ट्रॉन आहेत ते कळतं. त्या मोजमापाचं नाव टोटल इलेक्ट्रॉन कंटेंट. मोबाइलला विचारलं तर म्हणतो ‘एकूण इलेक्ट्रॉन आशय’. इलेक्ट्रॉनांना कसला आलाय आशय, कविता आहे का ती? ‘सामग्री’ लिहिलं तर हळदीकुंकवाची यादी वाटते. काय लिहू?

पाटीपेन्सिल: ‘एकूण विजाणू-मात्रा’. विजाणू हा इतका नेटका शब्द असताना इलेक्ट्रॉन कशाला? सावरकरांचं भगूर आपल्याच जिल्ह्यात आहे हे विसरू नका. सावरकरांनी महापौर, दिनांक दिले तेव्हाही लोक हसलेच होते, आज ते शब्द परके वाटतात का?

रोव्हरवाला: सर माफ करा पण विजाणू लिहिलं की निम्मे लोक विषाणू वाचणार, आणि पुढे ‘मात्रा’ म्हटल्यावर तर औषधाचाच तक्ता वाटेल.

निफाडी द्राक्षं: 😂 ताई, एक सांगू का? आमच्याकडे मण्यात साखर किती भरली हे बघतात त्याला कोणी शर्करा-मात्रा म्हणत नाही, ‘शुगर किती आली’ एवढंच. डेअरीवर ‘फॅट किती लागली’. कंटेंटला मराठीत नाम लागतच नाही, ‘किती’ पुरतं. बाकी ते मोजतात कसं ते कोणी सांगा राव, वस्तू कळल्याशिवाय शब्द कसा सुचणार.

रोव्हरवाला: मी सांगतो, मी जमिनीच्या खाजगी मोजणीची कामं करतो. उपग्रह असतो साधारण २०,००० किमी वर. तिथून दोन फ्रिक्वेन्सी सोबतच निघतात, एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि एल२ १२२७.६०. वाटेत इलेक्ट्रॉनांचा थर लागतो, त्यात दोन्ही रखडतात पण कमी फ्रिक्वेन्सीवाली जास्त रखडते. दोघींच्या पोचण्यात जो फरक पडतो त्यावरून वाटेत इलेक्ट्रॉन किती होते ते निघतं. रोव्हरपासून, म्हणजे शेतात उभ्या केलेल्या आमच्या जीपीएस मशीनपासून, उपग्रहापर्यंत एक चौरस मीटर जाडीचा खांब उभा केला असं धरा, त्यात जेवढे सापडले तो तुमचा कंटेंट. एकावर सोळा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन म्हणजे एक युनिट, आणि एका युनिटला एल१ वर सुमारे १६ सेंटीमीटरची चूक. सूर्य जोरात असतो त्या वर्षांत आपल्याकडे दुपारी १०० युनिटच्या पुढे जातं, म्हणजे १६ मीटर!! इथे बांध वीतभर सरकला तर डोकी फुटतात. दोन फ्रिक्वेन्सीच्या मशीनमध्ये ही चूक जवळपास सगळी कापली जाते, साध्या एका फ्रिक्वेन्सीच्या फोनला मात्र अंदाजाने निम्मीच काढता येते. आम्ही जी चूक म्हणून फेकून देतो तोच शास्त्रज्ञांचा माल.

गंगाकाठची: हे भारीये. मग ‘इलेक्ट्रॉनांचा खांब’ लिहू का?

आडवळण: खांब उभा असतो ताई, हा तिरका, उपग्रह कुठे दरवेळी डोक्यावर असतो. शिवाय ‘रखडतात’ही अर्धसत्य आहे. सिग्नलवरचा जो सांकेतिक मजकूर असतो तो मागे पडतो, पण तो वाहून आणणाऱ्या लहरीची कला (फेज, म्हणजे लहरीच्या चढउतारातली जागा) तेवढीच पुढे सरकते. त्यामुळे तक्त्यावर सरसकट ‘विलंब’ लिहू नका.

पाटीपेन्सिल: ‘कला’ छान वापरलात. चंद्राचीही कला, लहरीचीही कला. आता थराचं नाव पण नीट लिहा, आयनांबर. मागच्या वर्षी एका तक्त्यावर ‘आयनमंडल’ होतं, ती हिंदी आहे.

निफाडी द्राक्षं: हो, अंबरच. तपांबर स्थितांबर घोकून पाठ केलेत. पण अंबर म्हणजे आभाळ ना, मग एका आभाळात इतकी आभाळं कशी?

पैठणीचा काठ: अंबर म्हणजे वस्त्र पण!! पीतांबर, दिगंबर. मी येवल्याची, आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही. पृथ्वीने एकावर एक नेसलेली वस्त्रं, असं माझे आजोबा सांगायचे.

आडवळण: आजोबांना नमस्कार, पण ज्यांनी शब्द घडवला त्यांनी आकाश याच अर्थाने अंबर घेतलं असावं. गंमत ‘आयन’ (विद्युतभार असलेला कण) मध्ये आहे. तो फॅरेडेने १८३४ मध्ये ग्रीकवरून घेतला, अर्थ ‘जाणारा’. आपल्या उत्तरायणातलं ‘अयन’ पण जाणंच, धातू ‘इ’. दोन्ही मुळात एकच.

पाटीपेन्सिल: म्हणजे शब्द आपलाच!

आडवळण: नाही हो सर, चुलत भाऊ आहेत. चुलतभावाच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागत नाही.

रोव्हरवाला: ते लावायला पण लोक येतात आमच्याकडे 😄 बरं मला पण एक शब्द हवाय. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरला सूर्य मावळल्यावर तास दीड तासाने मशीन वेडं होतं. दक्षिणेत तिरुनेलवेलीकडून चुंबकीय विषुववृत्त जातं, तिथे अंधार पडला की खालून पातळ प्लाझ्माचे, म्हणजे इलेक्ट्रॉन कमी असलेले, बुडबुडे वर चढतात आणि चुंबकीय रेषांच्या बाजूने आपल्यापर्यंत पसरतात, त्यातून येताना सिग्नल थरथरतो. इंग्रजीत सिंटिलेशन. गेल्या मार्चला दिंडोरीकडे काम संपवायचं म्हणून अंधारात थांबलो, फिक्स (सेंटीमीटरपर्यंतची पक्की जागा) उडाला तो उडालाच, नुसतं फ्लोटवर (अंदाजी जागेवर), आणि मालक म्हणतो मशीनच भंगार आणलंय. त्याला काय सांगणार होतो?

पाटीपेन्सिल: प्रस्फुरण.

रोव्हरवाला: सर, त्या शेतकऱ्याला प्रस्फुरण सांगितलं असतं तर त्याने मलाच दवाखान्यात नेलं असतं.

सिलोन २५ मीटर: लुकलुक म्हणा की. चांदणी लुकलुकते ती पण वाटेतली हवा सारखी नसते म्हणूनच, इथे हवेऐवजी इलेक्ट्रॉन. आमचे वडील रेडिओ सिलोन लावायचे, शॉर्टवेव्ह याच थरावर आपटून खाली यायची, आवाज वर जायचा बुडायचा, ते म्हणायचे ‘आज स्टेशन हेलकावे खातंय’. पंचवटीतल्या माडीवर बसून एक माणूस आयनांबराचाच अभ्यास करत होता म्हणायचा, नाव माहीत नव्हतं एवढंच.

पाटीपेन्सिल: लुकलुकणं डोळ्यांना दिसतं. सिग्नल दिसत नाही.

सिलोन २५ मीटर: मग सिग्नल ‘कमजोर’ कसा होतो, त्याला ताप येतो का?

पैठणीचा काठ: आमच्याकडे लुकलुक बाळाच्या डोळ्यांची. दिवा मिणमिणतो.

आडवळण: मिणमिण म्हणजे मंद, थरथर नाही. वारा लागलेला दिवा फडफडतो. लुकलुक आणि लकलक यांचा संबंध कोणी तपासलाय का?

निफाडी द्राक्षं: लकलक तर पाजळलेल्या विळ्याची.

गंगाकाठची: अहो माझं कंटेंट राहिलं, परवा तक्ता द्यायचाय. लेकीने तोवर कार्डपेपरवर तिरकी पेटी काढून ठिपके भरायला घेतलेत आणि खाली नुसतं ‘किती?’ लिहिलंय. बाई चालवून घेतील का?

पाटीपेन्सिल: प्रश्नचिन्ह संज्ञेचा भाग असू शकत नाही. ‘मात्रा’ लिहा.

निफाडी द्राक्षं: सर, लेकीचं बरोबर आहे.

सिलोन २५ मीटर: लकलक विजेचीपण असते बरं का, पावसाळ्यात.

पैठणीचा काठ: ती लखलख. ख.