तंजावर: चार दिवसांच्या जोडसुट्टीत निवांतपणे कसे पाहावे?

कर्वेनगरकर (प्रश्न)

नमस्कार. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास आम्हाला शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस मिळत आहेत. दर वेळी महाबळेश्वरच्या वाटेवर वाहनांच्या रांगेत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा या खेपेस तंजावरला जावे, असे घरात ठरले आहे. मी, माझे यजमान, चौदा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे आहोत. सासूबाईंनी शाळेत सव्वीस वर्षे इतिहास शिकवला. व्यंकोजीराजे आणि सरफोजीराजे या तंजावरच्या भोसले राजांची नावे त्यांनी फळ्यावर असंख्य वेळा लिहिली, परंतु ती राजधानी त्यांनी अजून पाहिलेली नाही. त्यांचे गुडघे दुखत असल्याने पुष्कळ पायऱ्या आणि लांब चालणे शक्यतो टाळायचे आहे.

एका प्रवासी कंपनीकडून कार्यक्रम मागवला होता. त्यात चार दिवसांत त्रिची, श्रीरंगम, तंजावर, कुंभकोणम, चिदंबरम आणि मदुराई असे सगळे कोंबलेले आहे; तो कागद वाचूनच आम्हाला दमल्यासारखे झाले. पुण्याहून सोयीचा मार्ग कोणता, तंजावरमध्ये नेमके काय पाहावे आणि बृहदीश्वराच्या देवळातील मराठी शिलालेख आपल्याला खरोखरच वाचता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मुठाकाठ

ताई, तो कागद आधी बाजूला ठेवा. तंजावरला मुक्काम करून सगळ्या रात्री एकाच खोलीत काढल्या, तरच ही सहल निवांत होईल.

जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे पुण्याहून निघून चेन्नई किंवा बंगळूरला विमान बदलायचे आणि त्रिचीला उतरायचे. तेथून तंजावर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि गाडीने साधारण दीड तास लागतो. दुसरा मार्ग म्हणजे विमानाने चेन्नईला जाऊन तेथून रात्रीच्या रेल्वेने सकाळी तंजावरला पोहोचायचे. हा मार्ग स्वस्त पडतो, मात्र तंजावरच्या गाड्या चेन्नई सेंट्रलहून नव्हे, तर एग्मोर स्थानकावरून सुटतात, हे विसरू नका. सासूबाई बरोबर असल्यामुळे मी पहिलाच मार्ग सुचवीन.

देऊळ एकदा नव्हे, दोनदा पाहावे: एकदा सकाळी लवकर आणि एकदा दुपारी चारनंतर. मधल्या काही तासांत ते बंद असते आणि आवारातील दगड इतका तापतो की अनवाणी चालणारा माणूस सावलीच्या पट्ट्या शोधत उड्या मारू लागतो. जानेवारीतही जाड पायमोजे जवळ असू द्यावेत. राजराजा चोळाने हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण केले आणि त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, सुमारे ६० मीटर उंच आहे. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असे कोणीतरी तुम्हाला हमखास सांगेल. वाद घालू नका. संध्याकाळी आवारात उभ्या राहिलात की ती लांबलचक सावली तुमच्या पायाशीच दिसेल.

मला स्वतःला शिखरापेक्षा जोत्यावरचे तमिळ लेख अधिक आवडले. देवळाला कोणी किती सोने दिले, दिव्यांच्या तुपासाठी कोणाकडे किती जनावरे सोपवली आणि सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकी कोणत्या रस्त्यावरच्या कोणत्या घरात राहत होत्या, हे सारे तेथे नावानिशी कोरलेले आहे. एखाद्या काटेकोर कारकुनाने आपली खतावणीच दगडावर उतरवावी, तसा तो प्रकार आहे. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या मार्गात नायककालीन, म्हणजे मराठ्यांच्या आधीच्या राजवटीतील, रंगांच्या थराखाली दडलेली चोळकालीन भित्तिचित्रे १९३१ मध्ये उजेडात आली. ती प्रत्यक्ष पाहू देत नाहीत, परंतु आवारातील छोट्या संग्रहालयात त्यांची छायाचित्रे आहेत.

मोडीवाचक

शिलालेखाविषयी लिहितो, कारण मी वडिलांना केवळ त्याचसाठी तेथे घेऊन गेलो होतो. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास देवळाच्या प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या, भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. नैर्ऋत्येकडील बाजूला गेलात की तो सापडतो. लिपी देवनागरीच आहे, त्यामुळे वाचता येतो. मात्र अक्षरांचे वळण जुने आहे आणि मजकूर एखाद्या ग्रंथाएवढा प्रचंड असल्याने तो सगळा वाचून काढण्याची उमेद धरू नये. आम्ही एक युक्ती केली. मोबाईलची बॅटरी समोरून न धरता भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरली, तेव्हा खोदलेल्या रेषांत सावली भरली आणि पुसट वाटणारी अक्षरे उठून दिसू लागली. वडिलांनी बोट भिंतीपासून चार अंगुळे दूर ठेवून एकेक शब्द लावला. तीन ओळींना अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात त्यांना गुडघ्यांची आठवण झाली नाही. सासूबाईंसाठी घडीचे हलके स्टूल मात्र जरूर न्यावे.

राजवाड्यासाठी दुसरी सकाळ ठेवा. मूळ वाडा नायकांचा असून मराठ्यांनी त्यात भर घातली. आपल्या शनिवारवाड्याचे तट आणि जोतीच काय ती उरली आहेत. येथे मराठ्यांचा दरबार महाल, रंग उडालेला का होईना, अजून उभा आहे. त्याच आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात ताडपत्रे आणि हस्तलिखिते पाहता येतात. संस्कृत आणि तमिळ ग्रंथांबरोबर मराठी पोथ्या आणि मोडी कागदही या ग्रंथालयाने सांभाळले आहेत. कलादालनातील चोळकालीन कांस्यमूर्तींसाठी दोन तास राखून ठेवा. तेथेच फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच शिल्पकाराचे दुसरे काम शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये आहे: राजांचे गुरू, मिशनरी श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि तरुण सरफोजी त्यांच्याजवळ उभे आहेत. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. निवृत्त इतिहास शिक्षिकेला हे शिल्प दाखवल्यावाचून परत येऊ नका.

वाटसरू

वरील दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण चारही दिवस तंजावरातच बसून राहावे, हे मला पटत नाही. कुंभकोणमजवळचे दारासुरम येथील ऐरावतेश्वराचे देऊळ अर्ध्या दिवसात पाहून होते. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेल्या या देवळाचा मंडप चाके आणि घोडे जोडलेल्या रथासारखा आहे. येथे सगळे नजरेच्या उंचीवर असल्यामुळे आणि गर्दीही बेताची असल्यामुळे मुलीला हेच देऊळ अधिक आवडेल, असा माझा अंदाज आहे. कुंभकोणमला पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून गार करायची डिग्री कॉफी घ्यावी. तिरुवैयारू तंजावरहून जेमतेम १३ किलोमीटरवर आहे. तेथे कावेरीकाठी कर्नाटक संगीतातील संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे आणि गावात अशोका हलवा मिळतो. हा हलवा म्हणजे मुगाच्या डाळीच्या शिऱ्याचा केशरी, चिकट आणि तुपाने निथळणारा चुलतभाऊ.

त्यापलीकडे मात्र जाऊ नका. आम्ही अशाच एका कंपनीच्या गाडीतून एका दिवसात सहा देवळे उरकायला निघालो होतो. गंगैकोंडचोळपुरमला पोहोचलो तेव्हा दार नुकतेच बंद झाले होते. चार वाजेपर्यंत आम्ही गाडीतच बसून चकल्या खाल्ल्या आणि उरलेली तीन देवळे अंधारात पाहिली.

कर्वेनगरकर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. शुक्रवारी त्रिचीमार्गे पोहोचून विश्रांती, शनिवारी सकाळी आणि संध्याकाळी मोठे देऊळ, रविवारी राजवाडा व चर्च, आणि सोमवारी तिरुवैयारू करून परतीचे विमान, असे आम्ही ठरवले आहे. दारासुरमवर घरात अजून मतभेद आहेत. मुलीला तो दगडी रथ पाहायचा आहे, तर सासूबाई म्हणतात की रविवारी दुपारनंतर त्या पुन्हा शिलालेखापाशीच जाणार. एक शंका राहिली: चार दिवस फक्त भातावर काढावे लागतील का? आमच्याकडे पोळीशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही.

मुठाकाठ

दुपारी केळीच्या पानावरचे भोजन घ्या. त्यात सांबार, रसम आणि ताक अशा तीन फेऱ्यांत भात येतो. सांबाराचा जन्म तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात झाला, अशी एक गोष्ट सांगतात. तिला पुरावा नाही, पण वाढप्याकडे दुसऱ्यांदा सांबार मागताना ती उपयोगी पडते. पोळीचे म्हणाल, तर रात्री बऱ्याच उपाहारगृहांत चपाती मिळते. ती जाड असते, आणि सासूबाई तिच्याविषयी काहीतरी बोलतील, याची तयारी ठेवा. दारासुरमसाठी मुलीने आणि तिच्या वडिलांनी रविवारी दुपारी वेगळी गाडी करावी. तोवर तुम्ही दोघी स्टूल घेऊन शिलालेखापाशी बसा.