लाईटरूम (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) लई स्लो चालतंय, ग्राफिक्स कार्डाची सेटिंग कुणाला नीट माहितीय का? (सोलापूर)

गड्डा_क्लिक्स
नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात राहतो, लग्नाची आणि कार्यक्रमांची कामं करतो. लॅपटॉप आय ५, १६ जीबी रॅम, एसएसडी, एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० (४ जीबी), विंडोज ११. सध्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे फोटो घेऊन बसलोय, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत सगळे पांढऱ्या बाराबंदीत (पारंपरिक अंगरख्यात), वर दुपारचं ऊन, मग हायलाईट उडतात (पांढरा भाग कोरा पडतो), म्हणून प्रत्येक फोटोत मास्क मारून (तेवढाच भाग निवडून) पांढरा आवरावा लागतो आणि तिथंच सगळं अडतंय, ब्रश फिरवला की रंग मागून येतोय, एक्स्पोजरचा स्लायडर ओढला की स्क्रीन गोठते. दुकानात दाखवलं तर म्हणाले मशीन बदला. एवढं चांगलं कार्ड असताना बदलायचं का? की रॅम वाढवू? अक्षता सोहळ्याचे फोटो द्यायचेत ओ, लवकर सांगा कुणीतरी.

रॉ_फाईल
दादा एक रुपया घालू नका अजून. आधी बघा कार्ड कामाला लागलंय का नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधे खाली जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) ० आणि जीपीयू १ असे दोन दिसतील, एक इंटेलचं आतलं, दुसरं एनव्हिडियाचं. आता लाईटरूम शेजारी ठेवून एक्स्पोजर इकडून तिकडं जोरात हलवा आणि दोन्ही आलेख बघा. इंटेलवाला वर उसळला आणि एनव्हिडिया झोपलेलाच राहिला तर दुखणं तिथंच आहे.

गड्डा_क्लिक्स
बघितलं. इंटेल वर जातंय, एनव्हिडिया शून्यावर पडून आहे.

रॉ_फाईल
मग झालं, रोग सापडला. विंडोजच्या सेटिंग्जमधे सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा, तिथं लाईटरूम नसेल तर प्रोग्रॅम फाईल्समधून त्याची एक्सई (प्रोग्रॅमची मुख्य फाईल) जोडा, ऑप्शन्समधे हाय परफॉर्मन्स निवडा. फोटोशॉपलाही तेच करा, ते वेगळं करावं लागतं. नंतर लाईटरूम बंद करून परत उघडा, एडिट, प्रेफरन्सेस, परफॉर्मन्समधे ग्राफिक्स प्रोसेसर ऑटोवर असेल, तो कस्टमवर घ्या म्हणजे डिस्प्ले, इमेज प्रोसेसिंग, एक्सपोर्ट असे वेगवेगळे पर्याय दिसतात. पहिले दोन चालू ठेवा. एक्सपोर्टला जीपीयू वापरायची सोय २०२२ मधे आली, पण ४ जीबीच्या कार्डावर ती चालू-बंद दोन्ही करून बघा, ज्यात फायली लवकर निघतील ते ठेवा. हेल्पमधे सिस्टीम इन्फो उघडलं की कुठलं कार्ड धरलंय ते नाव लिहून येतं, तिथं एनव्हिडिया दिसलं पाहिजे.

नवी_पेठेतला
वरच्यांचं बरोबर आहे, ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) मी सांगतो. एनव्हिडियाचे दोन ड्रायव्हर असतात, गेम रेडी आणि स्टुडिओ, आपल्यासारख्यांनी स्टुडिओच घ्यायचा. टाकताना कस्टम निवडून क्लीन इन्स्टॉलेशनवर टिक करा, म्हणजे जुन्या सेटिंग्ज निघून जातात. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधे थ्रीडी सेटिंग्जमधे लाईटरूमपुरतं पॉवर मॅनेजमेंट मोड मॅक्झिमम परफॉर्मन्सवर ठेवा, सगळ्यांसाठी नको, उगाच लॅपटॉप तापतो. आणि एडिटिंग चार्जर लावूनच करा, बॅटरीवर कार्ड दम धरत नाही. लॅपटॉप गादीवर न् चादरीवर ठेवू नका, खालची हवा अडते आणि गरम झालं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. आपल्याकडं एप्रिल-मेमधे पारा चाळिशीपार असतो तेव्हा हे फार जाणवतं, सेटिंग कितीही बरोबर असू दे.

होटगी_रोड_स्टुडिओ
माझा लॅपटॉप नाही, पीसी आहे, पण तसंच रडतंय. मला पण हेच का?

रॉ_फाईल
ताई, आधी कॅबिनेटच्या मागं बघा. मॉनिटरची एचडीएमआय वायर वरती यूएसबी आणि लॅनच्या शेजारी लावलीय का खाली आडव्या पट्टीत? वर असेल तर ती मदरबोर्डला आहे, स्क्रीन ऑनबोर्डवर (आतल्या ग्राफिक्सवर) चालतेय. खालच्या आडव्या पट्टीत, म्हणजे कार्डाच्या पोर्टला लावा. साफसफाईत वायरी काढल्या-घातल्या की हे हमखास होतं.

होटगी_रोड_स्टुडिओ
वरच होती!! बदलली, बघते आता.

गड्डा_क्लिक्स
सगळं केलं. ब्रश आता हाताबरोबर चालतोय, बाराबंदीच्या घड्या दिसेपर्यंत हायलाईट खाली आणले तरी अडकत नाही. एआय डिनॉईज (फोटोतले दाणे काढायचं) मात्र अजून वेळ खातंय, संध्याकाळच्या फोटोंना लागतंच ते. रॅम वाढवून फरक पडेल का त्यात?

नवी_पेठेतला
नाही पडणार, डिनॉईज सगळं जीपीयूवर चालतं आणि कार्डाची ४ जीबी मेमरी त्याला कमीच, पूर्ण जीपीयू वापरासाठी अॅडोबीच ८ जीबीचं कार्ड सांगतं. रॅमचे पैसे ठेवा. गिऱ्हाईकानं पसंत केलेल्याच फोटोंना डिनॉईज लावा आणि ते रात्री लावून झोपा. पुढं कधी मशीन घेतलं तर कार्डाची मेमरी आधी विचारा, बाकीचं नंतर.

गड्डा_क्लिक्स
तसंच करतो. आज रात्री सम्मती कट्ट्याचे, म्हणजे अक्षता सोहळ्याचे फोटो डिनॉईजला लावतोय. रॉ फाईल दादा, नवी पेठवाले, मनापासून आभार, मशीनचे पैसे वाचले ओ.