गेमिंगसाठी टीव्ही: ओलेड की मिनी-एलईडी? घरच्या ग्रुपवरची चर्चा

आत्या: मंडळी, टीव्ही बदलायचाय. छोटूचं पीएस५ (प्लेस्टेशन ५, गेम खेळायचं यंत्र) जुन्या टीव्हीला जोडलंय आणि चित्र फरफटतं म्हणून तो रोज कुरकुरतो. चौकशी केली तर ओलेड, क्यूएलईडी, मिनी-एलईडी... डोकं गरगरायला लागलं. कुठला घेऊ ते सरळ सांगा.

काका: ताई, ओलेड घे आणि मोकळी हो. गेम खेळणारे सगळे तेच सांगतात.

छोटू: मला पण ओलेडच हवाय 🙏🙏

दादा: आत्या, आज लगेच ठरवू नकोस. आधी सांग, टीव्ही हॉलमध्येच राहणार ना, खिडकीसमोरच्या भिंतीवर? आणि दिवसभर त्यावर काय काय चालतं?

आत्या: हो, तिथेच. सकाळपासून दुपारपर्यंत ह्यांच्या बातम्या. संध्याकाळी माझ्या मालिका. रात्री छोटू, आणि सुट्टीत भर दुपारी पण छोटू.

दादा: मग नीट लिहितो. लांबेल, पण वाच. टीव्ही एकदा आला की कितीतरी वर्षं भिंतीवर राहतो.

नावं कितीही असली तरी पडद्याचे मूळ प्रकार दोनच. एलसीडीमध्ये मागे दिवे असतात आणि पुढचा थर प्रत्येक ठिपक्यातून किती उजेड बाहेर सोडायचा ते ठरवतो. ओलेडमध्ये मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तर पूर्ण विझतो. क्यूएलईडी हा एलसीडीच, रंग खुलावेत म्हणून त्यात क्वांटम डॉटचा थर घातलेला. मिनी-एलईडी पण एलसीडीच, फक्त मागचे दिवे बारीक आणि खूप, शेकडो भागांत वाटलेले, म्हणजे काळोखाच्या भागातले दिवे वेगळे मंद करता येतात.

आता छोटूची तक्रार. फ्रेम म्हणजे एकामागून एक येणारं एकेक स्थिर चित्र. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एक फ्रेम पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहते. ओलेडचा ठिपका साधारण ०.१ मिलिसेकंदात रंग बदलतो. एलसीडीला काही मिलिसेकंद लागतात, आणि व्हीए नावाच्या एलसीडीच्या प्रकारात काळ्यावरून करड्यावर जाताना कधी कधी अख्ख्या फ्रेमपेक्षाही जास्त वेळ जातो. म्हणून रात्रीच्या दृश्यात कॅमेरा फिरवला की मागे काळपट शेपूट दिसतं. तो म्हणतो ते खरं आहे.

वहिनी: मग प्रश्नच मिटला की. ओलेड!

दादा: नुसता खेळ बघितला तर हो, ओलेडच सर्वात चांगला. यात माझं दुमत नाही. अडचण आतोबांच्या बातम्यांची आहे.

ओलेडचा ठिपका जितका जळतो तितका तो झिजतो. बातम्यांच्या चॅनलचा लोगो आणि खालची लाल-पांढरी पट्टी रोज पाच-सहा तास त्याच जागी राहिली, तर तेवढाच भाग आधी थकतो आणि पुढे दुसरं काहीही लावलं तरी तिथे सावली दिसते. फुटबॉलच्या गेममधला स्कोअरबोर्ड थोडा वेळ राहिल्याने काही होत नाही. रोज एकच गेम तासन् तास, वर्षभर, असं असेल तर त्याचाही विचार करावा लागतो.

काका: पण नवीन टीव्हीत त्याची काळजी घेतात ना? मी वाचलंय.

दादा: घेतात काका, आणि चांगली घेतात. चित्र नकळत एक-दोन ठिपके सरकवतात, लोगोची जागा मंद करतात. साधारण चार तास वापर झाला की टीव्ही बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, पॅनलची दुरुस्ती आपोआप चालते. पण तेव्हा वीज हवी. रिमोटने बंद करून लगेच भिंतीवरचं बटण बंद केलं तर ती चालतच नाही.

आत्या: झालं मग. हे झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करतात. ती सवय जाणार नाही.

दादा: तेच म्हणतोय. शिवाय खिडकी. पडदाभर उजळ चित्र आलं, समजा बर्फाचं मैदान, की ओलेड स्वतःला मंद करून घेतो. क्यूडी-ओलेड नावाचा प्रकार आहे, रंग फार सुंदर, पण खोलीत उजेड असला की त्यातलं काळं करडं-जांभळट दिसतं. भर दुपारी त्या हॉलमध्ये मिनी-एलईडीच टिकेल.

छोटू: दादा पण एलसीडीवर लॅग येतो ना 😟

दादा: नाही रे, इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ठिपका किती पटकन रंग बदलतो ही एक गोष्ट. तू बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ ही दुसरी, तिला इनपुट लॅग म्हणतात. तो पडद्याच्या प्रकारावर फारसा नसतो. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला जी प्रक्रिया करतो तिच्यामुळे येतो, आणि १०० मिलिसेकंदांच्या वरही जाऊ शकतो. गेम मोड, म्हणजे ही प्रक्रिया कमी करणारी टीव्हीतली सेटिंग, लावला की चांगल्या एलसीडीवर आणि ओलेडवर दोन्हीकडे तो १० च्या आसपास येतो. आज घरी गेलास की जुन्या टीव्हीत गेम मोड आहे का ते आधी बघ. कदाचित निम्मा त्रास आजच जाईल.

छोटू: बघतो!

दादा: आणि ओलेडबद्दल अजून एक, फारसं कोणी सांगत नाही. सेकंदाला ३० फ्रेमवर चालणारे गेम त्याच्यावर जास्त अडखळत दिसतात. ठिपका क्षणात बदलतो आणि मग ३३ मिलिसेकंद तसाच स्थिर राहतो, त्यामुळे प्रत्येक धक्का डोळ्याला जाणवतो. एलसीडीच्या संथपणात तो थोडा झाकला जातो.

वहिनी: आत्यांकडे बाजूच्या खुर्चीवरून बघणारे पण असतात. मिनी-एलईडी बाजूने फिका दिसतो ना?

दादा: व्हीए पॅनल असेल तर दिसतो, बरोबर आहे. आयपीएस हा एलसीडीचा दुसरा प्रकार बाजूने चांगला, पण त्याचं काळं बरंच उजळ असतं. व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, त्याच्या तिप्पट-चौपट असतो. मी व्हीएच घेईन. खेळणारा समोरच बसतो, बातम्या बाजूने थोड्या फिक्या दिसल्या तर चालतं. आणि मिनी-एलईडीचा खरा दोष हा की काळ्यावर पांढरी अक्षरं आली की भोवती धूसर वलय दिसतं. रात्री दिवे बंद करून खेळताना छोटूला ते दिसेल. खोलीत मंद दिवा ठेवला की डोळ्यांना खूपच कमी जाणवतं.

आत्या: बरं, मिनी-एलईडी. मग आता माहिती वाचताना काय बघू?

दादा: पॅनल खरा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा हवा. "मोशन रेट २४०" वगैरे आकड्यांकडे बघू नकोस, "नेटिव्ह रिफ्रेश रेट" शोध. बहुतेक गेम १२० फ्रेमने चालत नाहीत, तरी हा पॅनल हवाच, कारण काही गेममध्ये ४० फ्रेमचा मोड असतो. १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून तो मोड अशा टीव्हीवरच मिळतो. ३० पेक्षा खूप सुसह्य. दुसरं, व्हीआरआर. गेमचा वेग खालीवर झाला की टीव्ही त्याच्या बरोबरीने चालतो, चित्र फाटत नाही. पीएस५ ला हे एप्रिल २०२२ मध्ये आलं, ४८ ते १२० हर्ट्झमध्ये चालतं.

एचडीएमआय म्हणजे पीएस५ ची केबल टीव्हीला जोडायची जागा. नुसतं "एचडीएमआय २.१" छापलंय म्हणून घेऊ नकोस. त्यातल्या सोयी ऐच्छिक असतात. "फोर के १२०" (फोर के चित्र सेकंदाला १२० वेळा) आणि "व्हीआरआर" हे शब्द स्वतंत्र लिहिलेले हवेत, आणि कुठल्या पोर्टवर तेही. साउंडबार आहे ना तुझ्याकडे?

आत्या: आहे.

दादा: मग हे नक्की तपास. पुष्कळ टीव्हींत चारपैकी दोनच पोर्ट फोर के १२० घेतात, आणि त्यातलाच एक ई-आर्कचा, म्हणजे साउंडबारचा असतो. पीएस५ साठी उरतो एकच. उद्या दुसरा कन्सोल आणलात तर अडचण होईल.

काका: आमच्याकडे टीव्ही आतल्या खोलीत, पडदे ओढलेले, बातम्या मी मोबाईलवर बघतो. मग मला?

दादा: तुम्ही ओलेड घ्या काका, अगदी बिनधास्त. फक्त भिंतीवरचं बटण चालू ठेवा.

छोटू: गेम मोड होता दादा!! बंद होता. आता खूपच फरक आहे. तरी अंधारात शेपूट दिसतंय थोडं.

दादा: ते पॅनलचं आहे, नव्या टीव्हीत कमी होईल. टीव्ही आला की आधी त्या पोर्टची एचडीएमआय सेटिंग "एन्हान्स्ड" कर, बऱ्याच टीव्हींत ती बंदच येते. मग गेम मोड, एचजीआयजी (उजेडाचा हिशोब टीव्हीऐवजी गेमवर सोडणारी सेटिंग) असेल तर तेही, आणि त्यानंतरच पीएस५ मधलं एचडीआर, म्हणजे उजळ-गडद भाग जास्त ठळक दाखवायची सोय, ॲडजस्ट कर. उलट क्रमाने केलंस तर पुन्हा करावं लागेल. अडलास तर व्हिडिओ कॉल कर.